ड्रॅगनचं शिंग, आपली चित्रा

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये चीनमधून काही छायाचित्रं येतात. केस कापायच्या दुकानाबाहेर भल्या सकाळी लागलेली रांग, खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसलेलं तीन-चार वर्षांचं पोर, त्याच्या मानेवरून फिरणारं मशीन, आणि खाली एक ओळ : आज ड्रॅगनने डोकं वर काढलं. बातमी तेवढ्यावरच संपते आणि वाचणारा कोड्यात पडतो. कुठला ड्रॅगन? आणि त्याने डोकं वर काढलं तर माणसांनी आपली डोकी का भादरून घ्यायची?

२०२६ साली हा दिवस २० मार्चचा, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. ही जवळीक पाहून मी या विषयात शिरलो. वाचत गेलो तसं कळलं की हा ड्रॅगन लोकांनी खरोखरच पाहिलेला आहे, आणि आपणही तो लहानपणापासून पाहत आलो आहोत. फक्त आपण त्याला वेगळ्या नावांनी ओळखतो. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने सांगतो.

## आधी 'ड्रॅगन' शब्दाची अडचण

ड्रॅगन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोपातल्या गोष्टींमधला प्राणी येतो. त्याला वटवाघळासारखे पंख असतात, तो आग ओकतो, सोन्याच्या ढिगावर बसून राहतो आणि शेवटी एखादा शूर सरदार त्याला मारतो. चिनी लोक ज्याला 'लोंग' म्हणतात त्याचं यातल्या एकाही गोष्टीशी नातं नाही. लोंगला पंख नसतात, तरी तो ढगांतून जातो. तो आग ओकत नाही, पाणी आणतो. त्याला मारायचं नसतं, त्याची वाट पाहायची असते.

दिसायला तो अनेक प्राण्यांचे अवयव घेऊन झालेला आहे. हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, बैलाचे कान. त्याच्या अंगावर ८१ खवले असतात असं जुनी वर्णनं सांगतात, कारण ९ हा आकडा शुभ आणि ९ नव्वे ८१. युरोपीय प्रवासी आणि मिशनरी चीनमध्ये पोचले तेव्हा या प्राण्यासाठी त्यांना जवळचा वाटला तो शब्द त्यांनी वापरला, आणि गैरसमज तिथूनच सुरू झाला. २०२४ साली, चिनी राशिचक्रात लोंगचं वर्ष आलं तेव्हा, चीनच्या सरकारी माध्यमांनी इंग्रजी बातम्यांतही मूळ चिनी शब्दच वापरायचा आग्रह धरला. मला तो आग्रह रास्त वाटतो. आपल्या गणपतीला कोणी 'हत्तीच्या तोंडाचा राक्षस' म्हटलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच हे आहे. म्हणून यापुढे मीही लोंगच म्हणेन.

## वसंतोत्सव आणि त्याची शेपटी

चिनी नववर्षाच्या सणाचं आजचं नाव 'छुन-च्ये', म्हणजे वसंतोत्सव. हे नाव नवं आहे. १९१२ साली चीन प्रजासत्ताक झाला आणि सरकारने १ जानेवारीला अधिकृत नववर्ष मानलं. मग जुन्या नववर्षाचं काय करायचं? १९१४ मध्ये त्याला वसंतोत्सव हे नाव मिळालं. सण मात्र फार जुना. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही त्याची बातमी होती. या सणासाठी माणसं गावी परततात ती संख्या ऐकून थक्क व्हायला होतं. २०२५ च्या सणाच्या ४० दिवसांत चीनमध्ये सुमारे ९०० कोटी प्रवास-फेऱ्या झाल्या, त्यात स्वतःच्या गाडीने केलेले प्रवासही धरले आहेत. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा आणि ते चित्र साऱ्या देशाएवढं करा.

सण सुरू होतो नववर्षाच्या आठवडाभर आधी, चुलीपासून. प्रत्येक घराच्या चुलीजवळ एक देव असतो, तो वर्षभर घरातलं सगळं पाहतो आणि वर्षाअखेरीस स्वर्गात जाऊन घरच्यांचा अहवाल देतो. उत्तरेकडे बाराव्या महिन्याच्या २३ तारखेला आणि दक्षिणेकडे २४ तारखेला त्याला निरोप देतात. निघताना त्याच्या ओठांना चिकट गोड पदार्थ लावतात, म्हणजे तो वर जाऊन गोडच बोलेल. तिळगूळ देऊन 'गोड बोला' म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

मग घर झाडून-पुसून लख्ख करतात. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र केर काढत नाहीत, आलेलं भाग्य बाहेर लोटलं जाईल म्हणून. जेवणात अख्खा मासा असतो, कारण मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार 'यू'. दारावर 'फू' म्हणजे सुखसमृद्धी हे अक्षर लावतात आणि पुष्कळ जण ते मुद्दाम उलटं लावतात, कारण 'उलटं झालं' आणि 'आलं' हे दोन्ही शब्द कानाला सारखेच. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे शब्द ढिगाने आहेत आणि त्यांच्या निम्म्याअधिक प्रथांचं मूळ या उच्चारांच्या जोडीत सापडतं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे मामाच्या गोष्टीत ते कामाला येईल.

पंधराव्या दिवशी, पहिल्या पौर्णिमेला, कंदिलांचा उत्सव होतो. काठ्यांवर पेललेला लांबलचक लोंग ढोलाच्या तालावर नाचतो तो याच दिवसांत. मुंबईत माझगावला १९१९ साली बांधलेलं 'सी यिप कून' हे छोटं चिनी मंदिर आहे. कँटन भागातून बोटींवर आलेल्या लोकांनी ते उभं केलं, आणि आजही नववर्षाला शहरातली उरलीसुरली चिनी कुटुंबं तिथे जमतात.

बाहेरच्या जगाला वाटतं की सण कंदिलांबरोबर संपला. उत्तर चीनमधल्या शेतकऱ्याच्या लेखी तो आणखी एका दिवशी संपतो, दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला. या दिवसाचं नाव 'लोंग थाय-थोउ', म्हणजेच लोंगने डोकं वर काढलं. सुट्टी संपते आणि शेताची कामं सुरू होतात ती इथून.

## तारीख दरवर्षी का हलते?

परदेशी वाचकाला ही गोष्ट समजावताना लेखकांची दमछाक होते. मराठी वाचकाला ती दोन वाक्यांत कळते, कारण आपलं पंचांग त्याच घाटाचं आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून मेळ बसवायचा. महिना अमावस्येला बदलतो, महाराष्ट्रात बदलतो तसाच. अधिक महिना कुठला, हे ठरवायचा नियमही सारखा. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे संक्रांत पडत नाही, तो अधिक.

फरक एकच, पण तो मोठा आहे. आपण राशी मोजतो ताऱ्यांपासून, ते मोजतात ऋतूंपासून. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असतो आणि चीनमध्ये तो नेहमी अकराव्या महिन्यातच पडतो, त्यात हयगय नाही. आपली मकरसंक्रांत एकेकाळी त्याच दिवसाच्या आसपास होती, आता १४-१५ जानेवारीला येते आणि शतकांगणिक आणखी पुढे सरकते आहे. या एका फरकामुळे दोन्हींचे अधिक महिने कधीकधी वेगळ्या वर्षांत पडतात. चीनने २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अधिक महिना घेतला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ च्या १७ मेपासून. त्या मधल्या काळात त्यांचं पंचांग आपल्यापेक्षा एक महिना मागे असतं. म्हणून २०२६ मध्ये त्यांचा दुसरा महिना आणि आपला चैत्र एकाच दिवशी सुरू होतात. एरवी लोंगचा दिवस फाल्गुन शुद्ध द्वितीयेच्या आसपास येतो, २०२५ मध्ये तो १ मार्चला होता.

## मग डोकं वर कोण काढतं?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्राचीन चिनी निरीक्षकांनी चंद्राच्या वाटेवरच्या आकाशाचे २८ भाग केले, आपण २७ नक्षत्रं केली तसेच. हे २८ भाग सात-सातच्या चार गटांत वाटून प्रत्येक दिशेला एकेक प्राणी दिला. पूर्वेचा प्राणी म्हणजे हिरवट-निळा लोंग. त्याचे सात अवयव क्रमाने असे : शिंग, मान, छातीकडचा भाग, पोट, हृदय, शेपूट, आणि शेवटी शेपटीच्या टोकाशी धान्य पाखडायचं सूप.

हे अवयव आकाशात शोधायला गेलं की मराठी माणसाला ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं. शिंग म्हणजे आपली चित्रा. मानेचे मंद तारे स्वातीच्या खालच्या बाजूला. छाती विशाखेत. पोट म्हणजे अनुराधा. हृदय म्हणजे ज्येष्ठा, तो लालसर तेजस्वी तारा. शेपूट म्हणजे मूळ. सूप म्हणजे पूर्वाषाढा. चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, पूर्वाषाढा, आजी बोटांवर मोजायची त्याच क्रमाने. स्वातीलाही चिनी लोक 'मोठं शिंग' म्हणतात, म्हणजे एका बाजूला चित्रा, दुसऱ्या बाजूला स्वाती अशी लोंगच्या दोन शिंगांची जोडी होते. आपण वृश्चिक राशीत विंचू पाहतो, त्याची नांगी आणि त्यांच्या लोंगची शेपटी एकच.

हिवाळ्यात संध्याकाळी यातलं काहीच दिसत नाही. सूर्य मावळतो तेव्हा हे सगळे तारे क्षितिजाखाली असतात, म्हणजे लोंग जमिनीखाली झोपलेला. मग थंडी सरते, आणि एका संध्याकाळी अंधार पडता पडता पूर्वेला पहिल्यांदा शिंग दिसतं. धड अजून खाली, फक्त डोकं वर. लोंग थाय-थोउ! पुढच्या महिन्यांत मान, छाती, हृदय असं एकेक वर येतं. ऐन उन्हाळ्यात तिन्हीसांजेला पुरा लोंग दक्षिणेच्या आकाशात पसरलेला असतो, आणि शरदात तो पश्चिमेला बुडतो. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन या विद्वानाने चिनी अक्षरांचा कोश रचला. त्यात 'लोंग' या अक्षराखाली लिहिलं आहे की तो वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो. वाक्य प्राण्याचं, पण वर्णन ताऱ्यांचं.

हे नंतरच्या पंडितांनी जुळवलेलं असेल, अशी शंका येऊ शकते. तिला उत्तर जमिनीखालून आलं आहे. हुपेई प्रांतात १९७८ साली एका राजाची कबर उकरली, इ.स.पू. ४३३ च्या सुमाराची. तिच्यात लाखेने रंगवलेली एक पेटी निघाली. झाकणावर २८ नक्षत्रांची नावं वर्तुळात लिहिलेली आणि त्यांच्या एका अंगाला लोंग, दुसऱ्या अंगाला वाघ. त्याहून जुना पुरावा हनान प्रांतातल्या पुयांगचा. तिथे १९८७ साली सहा हजार वर्षांपेक्षा जुनं दफन सापडलं. मृताच्या पूर्वेला शिंपल्यांनी रचलेला, माणसाच्या उंचीएवढा लोंग आणि पश्चिमेला शिंपल्यांचाच वाघ. हे आकाशाचंच चित्र आहे असं सगळेच अभ्यासक मानत नाहीत. पण पूर्वेला लोंग आणि पश्चिमेला वाघ ही मांडणी पुढच्या नकाशांत जशीच्या तशी आढळते. मला हा योगायोग वाटत नाही.

## तारे आणि पावसाचा काय संबंध?

संबंध आहे तो वेळेचा. उत्तर चीनमध्ये पावसाचं बरंचसं पाणी जून ते सप्टेंबरमध्ये पडतं. मार्च-एप्रिल कोरडे जातात, आणि नेमकी तेव्हाच हिवाळी गव्हाला ओल हवी असते. तिकडची म्हण आहे की वसंतातला पाऊस तेलासारखा मोलाचा. पाऊस आणि आकाशातला लोंग, दोघं एकत्र वाढतात आणि एकत्र ओसरतात. शेतकऱ्याने यातून काय समजावं? मृग लागला की आपण पेरणीच्या तयारीला लागतो, तेव्हा आपल्या मनात जसं नक्षत्र आणि पाऊस वेगळे राहत नाहीत, तसंच त्यांचं झालं. तारे पाऊस पाडत नाहीत, पाऊस कधी येणार ते सांगतात. पिढ्या गेल्या की 'सांगतो' चं 'आणतो' होतं.

मग पाऊस आणणाऱ्याला हाक मारण्याच्या रीती आल्या. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला विचारवंत दोंग जोंगशू याने अवर्षणातला विधी तपशिलात लिहून ठेवला आहे. वसंतात पाऊस हवा असेल तर आठ दंड लांबीचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १८ मीटरचा, मोठा हिरवा-निळा लोंग करायचा. शेजारी निम्म्या लांबीचे सात छोटे. सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे, आणि आठ मुलांनी त्यांच्याबरोबर नाचायचं. आज कंदिलांच्या उत्सवात जो नाच आपण पाहतो, त्याच्या मुळाशी ही पावसाची आळवणी आहे.

आळवणी वाया गेली तर लोक रागावतही. लोंगराजाच्या मंदिरातली मूर्ती उचलून भर उन्हात आणून ठेवत : बघ, आमचं काय होतंय ते. आपल्याकडे 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरतात, कुठे महादेवाची पिंड पाण्याखाली कोंडतात. देवाशी इतक्या जवळिकीने भांडणारा शेतकरी दोन्हीकडे एकच आहे.

राजालाही यातून सुटका नव्हती. बीजिंगच्या दक्षिण भागात शेतीच्या देवतेचं आवार आहे. तिथे वसंतात सम्राट स्वतः नांगर धरून तास काढायचा. त्याच्या वाट्याची जमीन त्यांच्या मापाने सव्वा एकक आणि थोडी जास्त, आपल्या हिशेबाने आठ गुंठे. 'माझी आठ गुंठे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आजही चिनी बोलीत आहे, माझं स्वतःचं छोटं कार्यक्षेत्र या अर्थाने.

## केस, सुई, राख आणि लाह्या

आता त्या रांगेकडे परत येऊ. लोंगने डोकं वर काढलं त्या दिवशी आपलं डोकं नीटनेटकं केलं की वर्षभर आपणही वर जाऊ, ही साधी भावना. शिवाय पहिल्या महिन्यात केस कापायचे नाहीत असा दंडक आहे, त्यामुळे महिनाभर वाढलेले केस घेऊन सगळे एकाच दिवशी येतात. श्रावण संपल्यावर आपल्याकडच्या दुकानांत होते तशीच ही गर्दी.

पहिल्या महिन्यात केस का कापायचे नाहीत? तर मामा मरतो! मामाचं आणि केसांचं नातं कुठून आलं, याचा एक उलगडा लोक सांगतात. १६४५ साली, मिंग राजवटीनंतर नुकत्याच सत्तेवर आलेल्या मांचू राज्यकर्त्यांनी हुकूम काढला की सगळ्या पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवावी, नाहीतर मरणाची शिक्षा. गेलेल्या राजवटीच्या आठवणीने काही जणांनी पहिल्या महिन्यात वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. 'जुन्याची आठवण' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार 'स्स-ज्यौ', 'मामा मरतो' याचाही 'स्स-ज्यौ', फरक फक्त सुराचा. उच्चारांच्या जोडीचं सूत्र आठवा. हा उलगडा खात्रीचा इतिहास आहे असं म्हणता येत नाही, तो बऱ्याच उशिरा लिहिला गेला. पण बंदीतलं दुःख उघड बोलता येत नाही तेव्हा ते रूढीच्या आड जाऊन बसतं, एवढं मात्र मला पटतं.

जेवणात त्या दिवशी पदार्थ नेहमीचेच असतात, नावं लोंगची. नूडल्स म्हणजे लोंगच्या मिशा, पातळ पोळ्या म्हणजे खवले, मोदकासारखे भरून उकडलेले च्याओझ म्हणजे कान. बायका त्या दिवशी सुई हातात घेत नाहीत, वर येणाऱ्या लोंगच्या डोळ्यात टोचेल म्हणून. काही गावांत जात्याचा वरचा दगड उचलून टेकवून ठेवतात, त्याचं डोकं दबायला नको. सोळाव्या शतकातल्या बीजिंगच्या नोंदीत दिसतं की लोक दाराबाहेरून नागमोडी राखेची रेघ ओढत घरात आणत आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या रांजणाभोवती फिरवत. लोंगला घरच्या पाण्यापर्यंत आणायची ती वाट. अंगणात राखेची गोल कोठारं रेखून मध्ये धान्य ठेवायचीही रीत आहे, आणि तोंडी असतं : मोठं कोठार भरू दे, छोटं सांडू दे. कुठे तुळयांजवळ दिवे फिरवतात, कुठे बिछान्याखाली धूर करतात. थंडीत दडलेले विंचू, गोम, किडे याच सुमारास बाहेर पडतात. चिनी पंचांगात ५-६ मार्चला सुरू होणाऱ्या पंधरवड्याचं नावच मुळी 'किड्यांची जाग' आहे.

सुई लावायची नाही, जातं दाबायचं नाही, हे वाचताना मला आमच्या घरची नागपंचमी आठवली. त्या दिवशी विळी आडवी करून ठेवलेली असे. काही चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. जेवायला उकडलेली पुरणाची दिंडं आणि नागाला लाह्या. जमिनीत राहणाऱ्या, पाण्याशी नातं असलेल्या प्राण्याला एक दिवस इजा होऊ द्यायची नाही, ही दोन्हीकडची भावना इतकी सारखी की क्षणभर थांबायला होतं.

आणि लाह्यासुद्धा आहेत! त्यांची गोष्ट अशी. चीनच्या इतिहासात वू झत्येन ही एकच स्त्री स्वतःच्या नावाने सम्राटपदी बसली, इ.स. ६९० साली. स्वर्गाच्या राजाला ते रुचलं नाही आणि त्याने तीन वर्षं पाऊस बंद केला. एका लोंगला माणसांचं रडणं ऐकवेना, त्याने आज्ञा मोडून पाऊस पाडला. शिक्षा म्हणून त्याला डोंगराखाली गाडलं : सोन्याच्या दाण्यांना फुलं येतील तेव्हाच सुटशील. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी मका वाळवताना कोणाच्या तरी लक्षात आलं की हेच ते सोन्याचे दाणे. घरोघरी मका भाजला, लाह्या फुलल्या, लोंग सुटला.

गोष्ट मला अतिशय आवडते, पण ती सातव्या शतकातली असू शकत नाही. मका मूळ अमेरिकेचा. तो चीनमध्ये पोचला सोळाव्या शतकात. म्हणजे आज सांगतात त्या रूपातली गोष्ट त्यानंतरची, जुन्या राणीच्या नावावर चढवलेली. कथा खोटी ठरवायला हे सांगत नाही. लोकपरंपरा नवं पीक, जुनी आठवण आणि आजची भूक एका धाग्यात कशी ओवते, ते यात दिसतं.

## नाग तिकडे गेला तेव्हा

लोंग आणि नाग एकच का? नाही. लोंग चीनचाच, आपल्याशी कसलाही संपर्क येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. पण दुसऱ्या शतकापासून बौद्ध ग्रंथ चिनीत उतरू लागले तेव्हा भाषांतरकारांपुढे 'नाग' हा शब्द आला. पाण्यात राहणारा, पाऊस देणारा, बुद्धाचं रक्षण करणारा. त्यांनी त्यासाठी 'लोंग' हाच शब्द घेतला. 'नागराज' झाला लोंगराज. समुद्राच्या तळाशी महालात राहणारे चार दिशांचे चार लोंगराज, ज्यांची मंदिरं पुढे गावोगाव झाली, ते या मिलाफातून घडले. महान तत्त्वज्ञ नागार्जुन चिनीत 'लोंग-शू' झाला. लोंग म्हणजे नाग, शू म्हणजे झाड, आपला अर्जुनसादडा.

या प्रवासातला नाग आपल्या घरच्या अंगणातच आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर डाव्या हाताला पाचव्या शतकातलं शिल्प आहे. सात फण्यांच्या छत्राखाली शांत बसलेला नागराज, शेजारी राणी. पर्यटक चैत्याची कमान पाहून पुढे जातात, त्याच्यापाशी फार कोणी थांबत नाही. पुढच्या वेळी थांबा.

## 'शेवटी ही अंधश्रद्धाच ना?'

काही गोष्टी तशाच आहेत आणि त्या तशाच म्हणाव्यात. केस कापल्याने मामा मरत नाही. 'लोंगची हाडं' म्हणून औषधात कुटून देत ती बहुतेक जुन्या प्राण्यांची जीवाश्म हाडं होती. हनान प्रांतातल्या अन्यांगजवळचे शेतकरी अशीच हाडं विकत. त्यांतल्या काहींवर अक्षरं कोरलेली आहेत हे १८९९ साली विद्वानांनी ओळखलं आणि चिनी लिपीचा तीन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा हाती आला. त्याआधी किती मजकूर कुटून पोटात गेला असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते.

लोंगच्या वर्षी जन्मलेलं मूल भाग्यवान, ही समजूत आकड्यांतही उतरते. चीनमध्ये २०२३ साली ९० लाख २० हजार मुलं जन्मली, लोंगच्या २०२४ मध्ये ९५ लाख ४० हजार. महासाथीमुळे लांबलेली लग्नं २०२३ मध्ये उरकली, हेही त्यामागचं मोठं कारण आहे. त्यामुळे सगळं श्रेय लोंगला देता येणार नाही. पण एकाच वर्षी शाळेत जास्त मुलं दाखल झाली की स्पर्धाही त्यांनाच जास्त, म्हणजे भाग्याचा हिशेब तिथेच उलटतो.

उरलेल्या प्रथांना मात्र मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. तारा उगवला की शेताकडे वळा, किडे निघायच्या आत घर धुरी देऊन घ्या, कोठारं नीट करा. ज्या काळी घरात छापील पंचांग नव्हतं, तेव्हा हे ज्ञान आजी सांगायची त्या गोष्टीतच साठवावं लागत होतं. दक्षिण चीनकडे पाहा. तिथे वसंतात पावसाची चणचण नसते, आणि तिथे याच दिवशी मुख्यतः भूमिदेवाचा वाढदिवस करतात. जिथे पावसाची आस, तिथेच लोंगने डोकं वर काढलं.

## आज त्या दिवशी शिंग दिसतं का?

दिसतं, पण उशिरा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना भोवऱ्यासारखी डुलते. तिच्या अक्षाची एक डुलकी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या वेळा ऋतूंच्या मानाने हळूहळू मागे पडतात. दोन हजार वर्षांपूर्वी मार्चमध्ये चित्रा दिवेलागणीलाच उगवत होती, आता उत्तर चीनमध्ये त्याच दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास उगवते. चिनी पंचांग ऋतूला धरून राहिलं, म्हणून सण जागेवर राहिला आणि तारा निसटला. आपण ताऱ्याला धरून राहिलो. चैत्राची पौर्णिमा आजही चित्रेजवळ होते, महिन्याचं नावच तिच्यावरून पडलं. आपल्या हातून हळूहळू ऋतू निसटतो आहे. एकाच ताऱ्याला धरून दोन संस्कृतींनी काळ मोजला आणि दोघींनी वेगवेगळी गोष्ट हातची सोडली.

पाहायचं असेल तर फार खटपट नाही. २० मार्चच्या सुमारास रात्री नऊ वाजता गच्चीवर जा, पूर्वेचं क्षितिज मोकळं हवं. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून चित्रा आणि स्वाती जवळजवळ एकाच वेळी वर येतात, उजवीकडे निळसर पांढरी चित्रा, डावीकडे नारिंगी स्वाती, दोघींमध्ये बरंच अंतर. ही दोन शिंगं. द्वितीयेची चंद्रकोर एव्हाना मावळलेली असते, त्यामुळे अंधार चांगला मिळतो. जागायची तयारी असेल तर मध्यरात्रीच्या आसपास आग्नेयेला हृदय, लाल ज्येष्ठा, वर येईल. दीड-दोन वाजता शेपूट आणि सूपही क्षितिजावर आलेलं असेल.